ग्रिफिथचं प्रकरण: डॉनल्ड मकाय गायब झाला तेव्हा पोलिस नेमकं कोणाकडे बघत होते

शुक्रवार, 15 जुलै 1977. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातलं ग्रिफिथ गाव, तिकडे जुलै म्हणजे थंडीचे दिवस, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला डॉनल्ड मकाय ग्रिफिथ हॉटेलातून निघाला आणि पार्किंगमध्ये लावलेल्या आपल्या छोट्या व्हॅनकडे गेला. घरी पोचलाच नाही. रात्री व्हॅन सापडली, आजूबाजूला रक्त आणि जमिनीवर .22 च्या तीन पुंगळ्या. मृतदेह आजतागायत मिळालेला नाही. माणूस 43 वर्षांचा, फर्निचरचं दुकान चालवणारा, घरी बायको आणि चार मुलं. गावाच्या आसपास जो गांजा पिकत होता त्याबद्दल तो उघडपणे बोलत होता आणि पोलिसांना माहिती देत होता, एवढंच.

ऑस्ट्रेलियात हे प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, आपल्याकडे फारसं कोणाला नाही. पण परदेशातले पोलिस इटालियन माफियाकडे, आणि त्या निमित्ताने एका अख्ख्या स्थलांतरित समाजाकडे कसं बघतात हे समजून घ्यायचं असेल तर मला याच्याइतकं बोलकं दुसरं प्रकरण सापडलेलं नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पोलिसांनी त्या काळात बराच वेळ "ही माणसं कुठली" हा प्रश्न विचारला आणि "पैसा कुठून येतोय, कोण कोणाबरोबर काम करतोय, आपल्यातलं कोण त्यांना सांभाळतंय" हे प्रश्न फार उशिरा विचारले. त्याची किंमत मकायने भरली आणि गावातल्या शेकडो साध्या कालाब्रियन कुटुंबांनीही भरली, त्यांची किंमत फक्त कुठे नोंदवली गेली नाही.

आधी गाव

ग्रिफिथ म्हणजे मुरंबिजी नदीच्या पाण्यावर उभं केलेलं गाव. कालव्याचं पाणी आलं, जमिनी वाटल्या गेल्या, आणि इटालियन लोक यायला लागले. सुरुवातीचे काही ब्रोकन हिलच्या खाणींतून आले, पुढे उत्तरेच्या व्हेनेतो भागातले आले, त्यांनी द्राक्षं लावली, वायनरी काढल्या, बिलबुलमधली द बोर्तोली वायनरी 1928 ची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेकडून कालाब्रियाचे लोक मोठ्या संख्येने आले, त्यात प्लाटी नावाच्या एका डोंगराळ गावातले खूप. आस्प्रोमोंतेच्या डोंगरात वसलेलं हे प्लाटी मुळात गरीब, त्यात ऑक्टोबर 1951 मध्ये मोठा पूर आला, माणसं मेली, घरंदारं वाहून गेली, आणि जो तो बाहेरची वाट धरायला लागला. आधी एक भाऊ जातो, मग तो मेहुण्याला बोलावतो, मेहुणा चुलत्याला, असं करत करत अर्धं गाव पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलं.

आता यातच पुढचा सगळा घोटाळा आहे. एकाच गावची माणसं, आपापसात लग्नं, आडनावं पाच-सहाच पुन्हा पुन्हा येणारी, पैसे उसने घ्यायचे तर बँकेआधी नात्यातल्याकडे जायचं. कुठलाही स्थलांतरित समाज असाच जगतो. आणि न्द्रांगेता, म्हणजे कालाब्रियाची माफिया, तीसुद्धा नेमकी याच गोष्टींवर उभी असते: रक्ताचं नातं, लग्नं, एकाच गावची ओळख. म्हणजे बाहेरून बघणाऱ्या पोलिसाला लग्नाचा मांडव आणि टोळीची बैठक यात फरक दिसत नाही, दोन्हीकडे तीच माणसं, तीच आडनावं. फरक ओळखायचा तर आत शिरावं लागतं, भाषा यावी लागते, गावातल्या लोकांचा विश्वास कमवावा लागतो. यातलं काहीच तेव्हाच्या पोलिसांकडे नव्हतं.

1964 चा इशारा

असं नाही की कोणी सांगितलं नव्हतं. 1930 च्या दशकात क्वीन्सलंडच्या उसाच्या पट्ट्यात इटालियन मजुरांना खंडणीची पत्रं यायची, "ब्लॅक हँड" म्हणून पेपरात छापून यायचं, खून झाले, बॉम्ब फुटले. पण मरणारे इटालियन, मारणारे इटालियन, त्यामुळे बाकीच्यांना तो त्यांचा घरचा मामला वाटला. मग 1963-64 मध्ये मेलबर्नच्या क्वीन व्हिक्टोरिया मार्केटमध्ये, म्हणजे भाजी-फळांच्या मोठ्या बाजारात, गोळीबार सुरू झाले. 1962 मध्ये तिथला जुना म्होरक्या वारला आणि त्याच्या जागेवरून भांडणं लागली. एप्रिल 1963 मध्ये एकाला उडवलं, जानेवारी 1964 मध्ये आणखी एकाला, मध्ये एकजण जखमी होऊन वाचला.

तेव्हा मात्र सरकार हललं. अमेरिकेच्या फेडरल ब्युरो ऑफ नार्कोटिक्समधला जॉन कुसॅक नावाचा अधिकारी बोलावला, कालाब्रियातून उगो माचेरा नावाचा पोलिस अधिकारी बोलावला. कुसॅकने 1964 मध्ये अहवाल दिला. त्यात त्याने सांगितलं की इथे कालाब्रियन लोकांची एक गुप्त संघटना आहे, खंडणी, जुगार, माणसांची आणि शस्त्रांची तस्करी यात ती आहे, भाजीबाजार ताब्यात घ्यायचा तिचा प्रयत्न चालू आहे, आणि आत्ता आवरली नाही तर पुढच्या 25 वर्षांत ती सगळ्या प्रकारच्या गुन्हेगारीत आणि कायदेशीर धंद्यांतही पसरेल. हा अहवाल बरीच वर्षं लोकांसमोर आलाच नाही.

कुसॅकचं निदान बऱ्याच अंशी बरोबर होतं असं मला वाटतं, विशेषतः भाजीबाजाराबद्दलचं, कारण शेतमालाच्या धंद्यात रोख पैसा, ट्रक, गोदामं, रात्रीचा माल असं सगळं असतं आणि ग्रिफिथसारख्या गावातला माल मेलबर्नच्या मार्केटला जातच होता. पण त्याच्याकडे अमेरिकेचा चष्मा होता. अमेरिकेत तेव्हा माफिया म्हणजे एक मोठी गुप्त परदेशी संघटना, वरपासून खालपर्यंत साखळी, असं चित्र होतं. तोच साचा मेलबर्नला लागू झाला आणि ऑस्ट्रेलियन पोलिसांच्या डोक्यात दोनच शक्यता उरल्या: एक, माफिया आहे आणि ती म्हणजे हे सगळे कालाब्रियन, दोन, माफिया वगैरे काही नाही, पेपरवाल्यांची पुडी आहे. मधलं काही नाही. पुढची पंधरा वर्षं राजकारणी आणि पोलिस या दोन टोकांत हेलकावे खात राहिले.

कोलिअँबली

1970 च्या दशकात ग्रिफिथच्या आसपास गांजाची लागवड वाढत गेली. शेती, पाणी, मोठमोठे लांबचे प्लॉट, सगळं तयारच होतं. गावात काही नवीन बंगले उभे राहिले, इतके मोठे की त्या शेतीच्या उत्पन्नात बसतच नव्हते, लोक त्यांना गवताचे किल्ले म्हणायचे, गवत म्हणजे गांजा. सगळ्यांना दिसत होतं. स्थानिक पोलिसांना दिसत नव्हतं.

मकाय लिबरल पक्षाचा, 1974 मध्ये तो रिव्हरिना मतदारसंघातून निवडणुकीला उभा राहिला होता, समोर होता अल ग्रासबी, लेबर पक्षाचा तेव्हाचा इमिग्रेशन मंत्री. दोघेही हरले, कंट्री पार्टीचा उमेदवार निवडून आला. ग्रासबी पुढे या गोष्टीत परत येतो म्हणून नाव लक्षात ठेवा.

नोव्हेंबर 1975 मध्ये मकायने दिलेल्या माहितीवरून कोलिअँबलीजवळ धाड पडली आणि 31 एकर गांजा सापडला. 31 एकर! त्याने माहिती गावच्या ठाण्यात दिली नव्हती, थेट सिडनीच्या ड्रग स्क्वॉडला दिली होती, आणि यावरूनच कळतं की गावातल्या माणसाला गावचे पोलिस कसे वाटत होते. मग खटला उभा राहिला आणि तिथे जे झालं ते वाचताना आजही राग येतो. खटल्यादरम्यान पोलिसाची डायरी कोर्टात आली, तिच्यात मकायचं नाव होतं, आणि आरोपीच्या वकिलांना ते वाचता आलं. खबऱ्याचं नाव उघड झालं. मकाय त्याच गावात राहतोय, त्याच रस्त्यावर दुकान उघडतोय, ज्यांच्याविरुद्ध त्याने माहिती दिली त्यांची माणसं रोज समोरून जातायत, आणि त्याला संरक्षण काही नाही. तेव्हाच्या पोलिसांना माफिया खरंच धोकादायक वाटत असती तर ही डायरी अशी हाताळली गेली असती का?

चौकशी

मकाय गायब झाल्यावर महिन्याभराच्या आत राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, नेव्हिल रॅन यांच्या सरकारने रॉयल कमिशन, म्हणजे चौकशी आयोग, नेमलं, न्यायमूर्ती फिलिप वुडवर्ड यांचं. 1979 मध्ये अहवाल आला. वुडवर्डने स्पष्ट म्हटलं की मकायचा खून झाला आणि त्यामागे ग्रिफिथमधली कालाब्रियन गुप्त संघटना आहे, "लोनोराता सोचिएता" म्हणजे मानाची मंडळी, न्द्रांगेताचंच दुसरं नाव.

या कमिशनचं एक काम मला खूप महत्त्वाचं वाटतं आणि एक काम धोक्याचं. महत्त्वाचं हे की त्यांनी बँकेची खाती, जमिनीचे व्यवहार, कर्जं, टॅक्सचे रिटर्न हे सगळं उघडून बघितलं. द्राक्षाच्या छोट्या बागेवर एवढं घर कसं बांधलं, रोख रक्कम कुठून आली, याची उत्तरं लोकांना शपथेवर द्यायला लावली आणि ती जमली नाहीत. पैशाचा माग काढला की आडनावाची गरजच पडत नाही, हे तिथे दिसलं. धोक्याचं हे की टीव्ही, पेपर, बाहेरगावचे पोलिस, सगळ्यांसाठी निष्कर्ष एवढाच उरला की ग्रिफिथ म्हणजे माफिया आणि प्लाटीचा माणूस म्हणजे संशयित. ज्या पोराचा आजा 1952 मध्ये ट्रंक घेऊन बोटीतून उतरला आणि आयुष्यभर संत्री तोडत राहिला त्या पोरालाही "कुठला तू? ग्रिफिथचा? अच्छा" असं ऐकावं लागलं.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. त्या वेळी खुद्द इटलीकडेही माफियाचा सदस्य असणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा नव्हता. ते 416-बिस कलम आलं 1982 मध्ये, आणि त्यात न्द्रांगेताचं नाव स्पष्टपणे घातलं गेलं ते 2010 मध्ये. म्हणजे रोममध्येच गोंधळ होता तर कॅनबेराला दोष किती द्यायचा. पण ग्रिफिथच्या ठाण्यातला गोंधळ वेगळा होता. स्थानिक पोलिसांपैकी काहींना पुढे न्यायात अडथळा आणल्याबद्दल शिक्षा झाली. ही माणसं कालाब्रियन नव्हती, प्लाटीत त्यांचं कोणी नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय 31 एकर गांजा उभा राहणं अवघड होतं. माफियाचा तक्ता काढताना पोलिस अशा माणसांना तक्त्यात बसवत नाहीत, कारण तक्ता वंशाचा असतो.

खून केला कोणी

आता सगळ्यात बोलकी गोष्ट. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मनात चित्र असं होतं की डोंगरातल्या गावातून आलेला कोणी शपथबद्ध कालाब्रियन, जुन्या रीतीने सूड घेऊन गेला. प्रत्यक्षात काय निघालं? 1982 मध्ये मेलबर्नचा जानफ्रांको टिझोने नावाचा माणूस गाडीतून गांजा नेताना पकडला गेला आणि पुढे त्याने तोंड उघडलं. त्याच्या सांगण्यानुसार ग्रिफिथच्या गांजाच्या धंद्यातल्या रॉबर्ट ट्रिंबोलीने मकायचा काटा काढायचं काम त्याच्याकडे दिलं, त्याने एका बंदुकीच्या व्यापाऱ्याला विचारलं की भरवशाचा माणूस कोण, आणि व्यापाऱ्याने नाव दिलं जेम्स फ्रेडरिक बेझलीचं. बेझली म्हणजे मेलबर्नच्या गोदी कामगारांच्या गुंडगिरीतून वर आलेला अँग्लो, म्हणजे इंग्रजी वळणाचा गोरा, गुन्हेगार, इटलीशी काडीचाही संबंध नाही. 1986 मध्ये बेझलीला मकायच्या खुनाच्या कटासाठी शिक्षा झाली, आणि डग्लस व इसाबेल विल्सन या जोडप्याच्या खुनासाठीसुद्धा. हे जोडपं "मिस्टर एशिया" नावाच्या हेरॉइनच्या टोळीसाठी काम करायचं, त्या टोळीचा म्होरक्या टेरी क्लार्क न्यूझीलंडचा.

थोडं थांबून हे नीट बघा. गांजा पिकवणारे कालाब्रियन, हेरॉइन आणणारे न्यूझीलंडर, दलाल मेलबर्नचा, मारेकरी गोदीवरचा अँग्लो, डोळे झाकणारे न्यू साउथ वेल्सचे पोलिस. आणि मधोमध बसलेला रॉबर्ट ट्रिंबोली, जन्म 1931, आई-बाप कालाब्रियन पण वाढला ऑस्ट्रेलियात, ओळखीचे लोक त्याला "ऑसी बॉब" म्हणायचे. 1968 मध्ये त्याने दिवाळं काढलं होतं आणि काही वर्षांतच तो घोड्यांच्या शर्यतींवर मोठमोठ्या रकमा लावत होता. दिवाळखोर माणसाकडे एवढे पैसे आले कुठून हे विचारायला न्द्रांगेताचा अभ्यास लागत नाही, आस्प्रोमोंतेचा नकाशाही लागत नाही.

खुनाच्या तीन दिवस आधीची एक गोष्ट आहे. कोणीतरी फोन करून मकायला जेरिल्डेरी नावाच्या दुसऱ्या गावी बोलावलं होतं, फर्निचरची मोठी ऑर्डर द्यायचीय म्हणून. मकायला स्वतः जाता आलं नाही, त्याने दुकानातल्या माणसाला पाठवलं. तो माणूस तिथे थांबला, गिऱ्हाईक काही भेटलं नाही, पण गाडीत बसलेला एकजण त्याने बघितला आणि नंतर पोलिसांना त्याचं वर्णन दिलं. वर्णन कसं, तर इटालियन वाटावा असं काही नव्हतं. तो धागा होता. बेझलीपर्यंत पोचायला त्यानंतर बरीच वर्षं गेली.

ट्रिंबोली 1981 मध्ये देशाबाहेर पळाला. 1984 मध्ये डब्लिनला पकडला गेला पण तिथल्या कोर्टाने अटकच बेकायदा ठरवली आणि त्याला सोडावं लागलं, 1987 मध्ये तो स्पेनमध्ये मेला. ग्रिफिथमधल्या कोणावरही मकायच्या खुनाचा गुन्हा कधी सिद्ध झाला नाही.

ग्रासबी, म्हणजे दुसरं टोक

आतापर्यंत पोलिसांनी वंशाच्या चष्म्यातून कसं बघितलं ते सांगितलं. पण उलटीही चूक झाली आणि ती तितकीच वाईट. अल ग्रासबी हा ऑस्ट्रेलियात बहुसंस्कृतिवादाचा जनक मानला जातो, रंगीबेरंगी टाय घालणारा, इटालियन लोकांत मिसळणारा, त्यांच्यावरच्या भेदभावाबद्दल खरंच बोलणारा मंत्री. गोऱ्यांचंच ऑस्ट्रेलिया हे धोरण मोडीत काढण्यात त्याचा वाटा आहे, आणि आपले जे हजारो लोक आज सिडनी-मेलबर्नला स्थायिक आहेत त्यांची वाट मोकळी करणाऱ्यांत त्याचं नाव घ्यावंच लागतं. पण याच माणसाने 1980 मध्ये एक निनावी कागद पुढे सरकवला, राज्याच्या विधिमंडळात तो वाचला जावा म्हणून प्रयत्न केला, आणि त्या कागदात लिहिलं होतं की मकायला माफियाने मारलं नाही, त्याच्या बायकोने, मुलाने आणि वकिलाने मारलं. धादांत खोटं. नवरा गेलेल्या बाईवर आणि बाप गेलेल्या पोरावर. मकाय प्रकरणातल्या पोलिस तपासाची जी नेगल चौकशी झाली तिने 1986 मध्ये यावर फार कडक शब्दांत लिहिलं, कालाब्रियन समाजावर सरसकट हल्ले होत होते म्हणून कुठलाही सभ्य माणूस असलं खोटं पसरवू शकत नाही असा त्याचा आशय. ग्रासबीवर बदनामीचा फौजदारी खटला चालला, 1992 मध्ये अपिलात तो सुटला आणि खर्चही मिळाला.

मला या माणसाबद्दल एका वाक्यात निकाल देता येत नाही. पण त्याने जे केलं त्याचा तोटा सगळ्यात जास्त इटालियन समाजालाच झाला असं माझं ठाम मत आहे. माफिया आहे असं म्हणणं म्हणजेच वंशद्वेष, असं एकदा ठरवून टाकलं की त्या माफियाला हप्ता देणारा इटालियन दुकानदार जाणार कोणाकडे? पोलिस म्हणतात तुम्ही सगळे तसलेच, आणि तुमचा कैवारी म्हणतो तसं काही नसतंच.

गप्प का बसतात

पोलिसांच्या जुन्या लिखाणात "हे लोक बोलत नाहीत" ही तक्रार सारखी येते, आणि त्याचं कारण म्हणून ओमेर्ता, म्हणजे माफियाची गप्प बसायची शपथ, पुढे केली जाते. आहे, ती गोष्ट आहे, नाकारायचं कारण नाही. पण जरा त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने तिथे राहणाऱ्या साडेचार हजारांहून जास्त इटालियनांना शत्रू म्हणून छावण्यांत डांबलं होतं, त्यात शेतकरी, मजूर, ज्यांचा मुसोलिनीशी काही संबंध नाही असेही होते. त्यांच्या पोरांनी पोलिसांवर विश्वास ठेवायचा? इंग्रजी मोडकीतोडकी, ठाण्यात दुभाषा नाही, तक्रार केली तर साहेब हसतो, आणि तक्रार केल्याचं कोर्टात उघड होतं, डायरीतलं नाव वाचलं जातं. मकाय तर गावातला प्रतिष्ठित अँग्लो माणूस होता, निवडणूक लढलेला. त्याचं हे झालं तर प्लाटीहून आलेल्या विधवेने कशाच्या भरवशावर बोलायचं?

2009 च्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले होत होते तेव्हा तिथल्या पोलिसांनी दिलेला सल्ला आठवत असेल: ट्रेनमध्ये आपल्या भाषेत मोठ्याने बोलू नका, लॅपटॉप-फोन दिसू देऊ नका. सल्ला कदाचित काळजीपोटी असेल. पण मार खाणाऱ्यानेच आपली ओळख खिशात घालून ठेवायची, हे त्यातून कळलं ते कळलंच. त्यानंतर किती पोरं ठाण्यात तक्रार द्यायला मनापासून गेली असतील?

विंचेस्टरचा खून

10 जानेवारी 1989 च्या रात्री कॅनबेरात, डीकिन भागात, ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसचा असिस्टंट कमिशनर कॉलिन विंचेस्टर घरासमोर गाडीतून उतरत असताना डोक्यात .22 च्या दोन गोळ्या घालून मारला गेला. पहिला संशय साहजिकच कालाब्रियनांवर. कारणही होतं: 1980 च्या आसपास बंजेंडोर गावाजवळ गांजाची लागवड झाली होती, पोलिसांनी खबऱ्यामार्फत ती मुद्दाम चालू दिली होती, लावणाऱ्यांना वाटत होतं की विंचेस्टर आपल्या खिशात आहे, आणि नंतर त्यांच्यावरच खटला उभा राहिला. म्हणजे इथे वंशाचा मुद्दाच नव्हता, ठराविक माणसांना ठराविक कारण होतं.

पण तपास वळला डेव्हिड ईस्टमनकडे, ट्रेझरी खात्यातला माजी अधिकारी, पोलिसांवर चिडलेला, विक्षिप्त. 1995 मध्ये त्याला जन्मठेप झाली. 19 वर्षं आत काढल्यावर 2014 मध्ये शिक्षा रद्द झाली कारण गोळीबाराचा फॉरेन्सिक पुरावा टिकला नाही, आणि 2018 च्या फेरखटल्यात बचाव पक्षाने कालाब्रियन शक्यता पुन्हा ज्युरीसमोर मांडली, ईस्टमन निर्दोष सुटला. त्याला 70 लाख डॉलरहून जास्त भरपाई मिळाली. खून आजही उलगडलेला नाही.

हे इथे सांगायचं कारण असं की 1977 पासून बारा वर्षं माफिया-माफिया ऐकून, रॉयल कमिशन होऊन, एवढं सगळं होऊनही, स्वतःचा मोठा अधिकारी मारला गेला तेव्हा माफियाची शक्यता नीट, पुराव्याने, एक तर खरी ठरवणं नाही तर पूर्ण खोडून काढणं हे काही यंत्रणेला जमलं नाही. माहितीचे ढीग होते. पण त्यातली बरीच माहिती "अमुक तमुकचा नातेवाईक" याच प्रकारची, आणि नातं दाखवलं म्हणजे ज्युरीसमोर खून सिद्ध होत नाही.

नंतर काय बदललं

काही बदललं, हे मान्य करायला हवं. 2007 मध्ये इटलीहून मेलबर्न बंदरात टोमॅटोचे सुमारे 3,000 डबे आले, आत टोमॅटो नाही, एक्स्टसीच्या जवळपास दीड कोटी गोळ्या, 4.4 टन. पोलिसांनी माल गुपचूप काढून घेतला आणि वर्षभर वाट बघत फोन ऐकले, कोण कोणाला फोन करतंय, पैसे कोण फिरवतंय, बंदरावर आतलं कोण आहे. ऑगस्ट 2008 मध्ये अटका झाल्या. मुख्य माणूस ग्रिफिथच्या कालाब्रियन घराण्यातला निघाला, पण बरोबरचे कितीतरी तसे नव्हते आणि या वेळी पोलिसांच्या जाळ्यात तेही आले. इकडे इटलीने 2009 मध्ये कालाब्रियातल्या पोल्सीच्या देवळाच्या जत्रेत म्होरक्यांची भेट कॅमेऱ्यात टिपली, 2010 च्या "क्रिमिने" कारवाईत सुमारे 300 लोक धरले, आणि न्द्रांगेताची वरची समिती कशी चालते, परदेशातल्या शाखा तिला कशा धरून राहतात हे पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं. कुसॅकचा एकसंध मनोरा नाही, आणि "नुसती वेगवेगळी कुटुंबं" असंही नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी.

मग जून 2022 मध्ये ऑस्ट्रेलियन फेडरल पोलिसांनी जाहीर केलं की देशात इटालियन संघटित गुन्हेगारीची 51 घराणी ओळखली आहेत, त्यातली 14 नक्की न्द्रांगेताची, आणि सदस्य हजारोंमध्ये. बातमी जगभर गेली. धोका खरा आहे यात मला शंका नाही, कोकेनचा एवढा पैसा हवेतून येत नाही. पण "हजारो सदस्य" हे मोजलं कसं हे मला विचारावंसं वाटतं. शपथ घेतलेले मोजले, की गांजा-कोकेनमध्ये काम केलेले मोजले, की घराण्याच्या वंशावळीत ज्यांची नावं येतात ते सगळे धरले? घराणं हे एकक धरलं की सून, जावई, काहीच न केलेला धाकटा भाऊ आपोआप यादीत येतो, आणि त्याच घराण्याचे पैसे पांढरे करणारा सिडनीचा अकाउंटंट, ज्याचं आडनाव इंग्रजी आहे, तो यादीबाहेर राहतो.

ग्रिफिथमध्ये आता पंजाबी शीख कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत, शेतात, पॅकिंग शेडमध्ये, आणि आता स्वतःच्या जमिनीही घेतायत. दरवर्षी जूनमध्ये तिथे शहीदी टूर्नामेंट होते, कबड्डी बघायला बाहेरून हजारो लोक येतात, लंगर लागतो. त्यांच्यातही एक भाऊ येतो, तो मेहुण्याला बोलावतो. उद्या त्यातल्या एखाद्या घराने वाईट धंदा केला तर ग्रिफिथच्या ठाण्यातल्या अधिकाऱ्याने पहिला कागद कोणता मागवावा, बँकेच्या खात्याचा की वंशावळीचा, हे 1979 च्या अहवालात लिहिलेलं आहे, तो अहवाल बाहेर काढून वाचला तर.